जुन्या गाडीचा चावीचा स्विच : तो कां जळतो व कसा बदलावा

पवना नदीकांठचें पिंपळे गुरव हें गांव आतां पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दींत असून, ज्या शिवारांत पूर्वीं नांगर चालत तेथें आज उंच इमारती उभ्या आहेत. तथापि येथील ज्या कुटुंबांनीं खेड, मावळ व मुळशी या तालुक्यांतून जमिनी राखल्या आहेत, त्यांच्या दारांत वीस-पंचवीस वर्षांची जुनी मालवाहू मोटार अगर ट्रॅक्टर अद्याप दृष्टीस पडतो. चाकणच्या बाजारांत कांदा-बटाटा पोहोंचविणें, खताच्या गोण्या आणणें, मजुरांस शेतावर नेणें हीं कामें त्यांवरच चालतात. नवी गाडी घेण्याइतका खर्च प्रत्येकास झेपत नाहीं, आणि जुनीचें इंजिन धड असतां ती मोडींत कां घालावी, हा प्रश्नही रास्त आहे.

अशा गाड्यांशीं या टापूचा संबंध जुना आहे. बजाज टेंपो ही कंपनी १९५८ सालीं स्थापन झाली आणि पुढें आकुर्डी येथें तिचा कारखाना चालला. तिच्या जर्मन सहकारी कंपनीचें ‘टेंपो’ हें नांव मराठींत इतकें रुळलें कीं, आतां कोणत्याही कारखान्याच्या लहान मालवाहू गाडीस आपण टेंपोच म्हणतों. मूळ कंपनीनें मात्र २००५ सालीं आपलें नांव बदलून ‘फोर्स मोटर्स’ असें केलें. टाटांची ४०७ ही गाडी १९८६ सालीं निघाली. अशा जुन्या घडणीच्या गाड्यांत विजेचें काम थोडकें व डोळ्यांनीं दिसणारें असतें, आणि म्हणूनच घरच्या घरीं समजून घेण्यासारखें असतें. संगणकानें चालणाऱ्या व चावींतच सांकेतिक चकती असलेल्या नव्या गाड्यांस पुढील विवेचन लागू नाहीं. त्यांस अधिकृत दुकानाखेरीज गति नाहीं.

जुन्या गाडींत हमखास बिघडणारी वस्तु म्हणजे चावीचा स्विच, ज्यास कारागीर लोक इग्निशन स्विच म्हणतात. त्याच्या बिघाडाचीं लक्षणें बहुतेकांस ठाऊक आहेत. चावी फिरविली तरी सेल्फ फिरत नाहीं. तीन-चार वेळां इकडे-तिकडे हालविली कीं एकदम फिरतो. वाटेंत खड्डा लागतांच तक्त्यावरील दिवे विझतात व पुन्हां लागतात. चावी हातास गरम लागते, आणि कधीं कधीं तक्त्यामागून जळक्या रबराचा वास येतो. अशा वेळीं गाडीवान जवळच्या दुकानांतून नवा स्विच आणून बसवितो, किंवा त्याहून सोपा मार्ग म्हणून एक साधी खटकी व एक दाबाचें बटण लावून काम भागवितो. नवा स्विच सहा महिन्यांनीं पुन्हां जळला म्हणजे दोष ‘हल्लीच्या मालावर’ जातो. हलका माल बाजारांत आहे हें खरें. पण आमच्या मतें पुष्कळदां जळलेला स्विच हा रोग नसून रोगाचें लक्षण असतो, आणि लक्षण बदलून रोग जात नाहीं.

प्रथम ही चावी काय काम करिते तें पाहूं. मोटार हँडलनें चालू करण्याच्या काळीं इंजिन उलट मारी व चालविणाराचा हात मोडे. अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग याने तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत बसविण्यांत आला, तेव्हांपासून तें संकट टळलें. स्टार्टरच्या मोटरीस शेंकडों अँपियर प्रवाह लागतो. एवढा प्रवाह चावींतून जात नाहीं. तो बॅटरीपासून बोटाएवढ्या जाड तारेनें सरळ स्टार्टरला जातो. चावी केवळ स्टार्टरवरील सोलेनॉईड या विद्युच्चुंबकास हुकूम देते. परंतु हा हुकूमही अगदीं हलका नसतो. सोलेनॉईड आंत ओढला जातांना क्षणभर तीस-चाळीस अँपियरपर्यंत प्रवाह घेऊं शकतो, आणि तो सर्व स्विचमधील तांब्या-पितळेच्या लहानशा पट्ट्यांवरून जातो.

येथें पेट्रोल व डिझेल यांतील भेद ध्यानांत घेणें अवश्य आहे. पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगी लागते. चावी बंद केली कीं ठिणगी थांबते व इंजिन बंद पडतें. डिझेलच्या इंजिनांत ठिणगी नाहींच. दाबानें तापलेल्या हवेंत तेल फवारलें कीं तें आपोआप पेटतें. त्यामुळें पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांत व टेंपोंत चावी काढून घेतली तरी इंजिन चालूच राहतें, आणि तें बंद करण्यास तेलाचा पुरवठा तोडणारा दांडा ओढावा लागतो. नंतरच्या कांहीं गाड्यांत हें काम पंपावरील विजेच्या झडपेकडे दिलेलें असतें. त्या गाडीचा स्विच चालतांना सुटला तर इंजिनही थांबतें. आपली गाडी यांपैकीं कोणत्या जातीची आहे हें प्रत्येक मालकानें उभ्या गाडीवर एकदां पडताळून पाहावें. ज्या इंजिनांत थंडीच्या सकाळीं आधीं हीटर तापवावा लागतो, त्यांच्या स्विचला हीटरचा एक टप्पा अधिक असतो, आणि तो प्रवाहही मोठा असतो.

स्विचच्या पाठीवर तारा जोडण्याचीं टर्मिनलें असतात. जर्मन पद्धतीच्या स्विचवर त्यांस आंकडे दिलेले आढळतात : ३० म्हणजे बॅटरीकडून येणारी, सदैव विजेनें भरलेली तार, १५ म्हणजे चावी एक टप्पा फिरविल्यावर सुरू होणारा पुरवठा, आणि ५० म्हणजे स्टार्टरकडे जाणारा हुकूम. इतर स्विचांवर आंकड्यांऐवजीं रोमन अक्षरें असतात. १५ या टर्मिनलावर तक्त्यावरील कांटे, इशाऱ्याचे दिवे व चार्जिंगचा लाल दिवा असतो. अल्टरनेटर असलेल्या अनेक जुन्या गाड्यांत याच लाल दिव्यांतून अल्टरनेटरला आरंभींचा थोडासा प्रवाह मिळतो, व त्यानंतर तो वीज निर्माण करूं लागतो. म्हणून १५ चा सांधा खराब झाला कीं बॅटरी भरत नाहीं, आणि मालक विनाकारण अल्टरनेटर उघडून बसतो.

आतां स्विच कां जळतो तें सांगतों. आमच्या पाहण्यांत पिंपळे गुरव येथील एक जुना टेंपो आला होता. त्याचे तीन स्विच एका वर्षांत गेले होते. पाठीमागें पाहतां १५ या टर्मिनलावर मूळच्या तारेखेरीज आणखी दोन तारा पिळून बसविलेल्या आढळल्या. त्यांतील एक टपावरील चार जादा दिव्यांची व दुसरी मोठ्या भोंग्याची होती. पंचावन्न वॅटचे चार दिवे म्हणजे २२० वॅट. बारा व्होल्टच्या बॅटरीवर त्यांस अठरा अँपियरच्या आसपास प्रवाह लागतो. स्विचचे सांधे स्वच्छ असेतों हें कसेंबसें निभतें. पण धूळ व ओल यांनीं सांध्यांत एक दशांश ओहम एवढा जरी विरोध उत्पन्न झाला, तरी अठरा अँपियरच्या प्रवाहानें तेथें सुमारें बत्तीस वॅट उष्णता होते. डाग देणाऱ्या लहान कारागिराची कहिल पंचवीस वॅटची असते. म्हणजे अंगठ्याएवढ्या प्लॅस्टिकच्या डबींत कहिलीहून अधिक तापणारी वस्तु आपण रात्रभर ठेवतों! प्लॅस्टिक मऊ पडतें, स्प्रिंगचा जोर जातो, सांधा आणखी सैल होतो, आणि सैल सांधा आणखी तापतो. (चार दिव्यांचा असा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर टाकणें हाही अन्यायच आहे, पण तो निराळा विषय झाला.)

शेतकऱ्याच्या गाडीस आणखी दोन शत्रु आहेत. एक खत. कल्हई गेलेल्या भांड्यांत ताक जसें कळकतें, तसेंच तांब्यापितळेच्या सांध्यांचें खतांतील अमोनियाच्या क्षारांनीं व पावसाळी ओलीनें होतें. त्यांवर हिरवट थर चढतो, व तो थर विजेस अडवितो. खताच्या गोण्या चालकाच्या खोलींत ठेवण्याची रीत म्हणूनच वाईट. दुसरा शत्रु उंदीर. कडब्याच्या गंजीशेजारीं उभी राहणारी गाडी वर्षांतून एकदां तरी तक्त्याखालीं दिवा धरून तपासावी.

नवा स्विच आणण्यापूर्वीं दोष स्विचचाच आहे याची खात्री करून घ्यावी. गाडी सपाट जागीं उभी करून हँडब्रेक ओढावा, चाकांस दगड लावावे व गिअर न्यूट्रलमध्यें आणावा. प्रथम बॅटरी पाहावी. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब सुमारें १२.६ व्होल्ट असतो, आणि सेल्फ फिरत असतां तो साडेनऊ-दहाच्या खालीं जाऊं नये. गेला, तर बॅटरी अगर तिचीं टोकें यांत दोष आहे. त्यानंतर इंजिन व सांगाडा यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी पाहावी. ही पट्टी गंजून तुटली असतां सर्व दोष स्विचवर येतो. हीं दोन्ही ठीक असतील तर मीटरची एक सुई स्विचच्या ३० वर व दुसरी ५० वर धरून, दुसऱ्या मनुष्यास चावी फिरवून धरण्यास सांगावें. चांगल्या स्विचमध्यें या दोहोंत व्होल्टचा जेमतेम दोन-तीन दशांश भाग हरवतो. अर्ध्या व्होल्टहून अधिक हरवत असेल, तर स्विच निकामी समजावा. याच रीतीनें ३० व १५ यांमधील तूटही दिवे लावून पाहावी. मीटर नसेल तर बारा व्होल्टचा लहान दिवा दोन तारांस बांधून १५ व सांगाडा यांमध्यें धरावा, आणि चावी हळूच हालवावी. दिवा मिचकला तर दोष सांपडला. कित्येक गाड्यांत कुलुपाचा भाग व विजेचा भाग निरनिराळे असतात. चावी नीट फिरत असून केवळ वीज लागत नसेल, तर पाठीमागचा विजेचा भागच बदलतां येतो, आणि जुनी चावी कायम राहते.

बदलण्याच्या कामीं पहिली गोष्ट बॅटरीची अर्थिंगकडील तार सोडविणें. आपल्याकडील बहुतेक गाड्यांत ती ऋण टोकाची असते, मात्र फार जुन्या विलायती यंत्रांत धन टोक सांगाड्यास जोडलेलें असे; म्हणून चिन्हावर न जातां कोणती तार सांगाड्यास गेली आहे तें पाहावें. हीच तार आधीं कां? दुसरी सोडवितांना पाना सांगाड्यास लागला तर बॅटरीची सारी शक्ति त्या पान्यांतून जाते व पाना तापून लाल होतो. अर्थिंग आधीं सुटलेली असल्यास पाना कोठेंही लागला तरी कांहीं होत नाहीं. परत जोडतांना हीच तार सर्वांत शेवटीं जोडावी. बोटांतील आंगठी व हातांतील धातूचें कडें या कामाआधीं काढून ठेवावें.

त्यानंतर स्विचच्या तोंडावरील गोल नट सोडवून स्विच तक्त्यामागें ओढून घ्यावा. कोणतीही तार काढण्यापूर्वीं कागदावर त्याची आकृति काढावी, आणि प्रत्येक तारेस कापडी पट्टी चिकटवून तिच्यावर टर्मिनलाचा आंकडा लिहावा. रंगावर विश्वासूं नये. वीस वर्षांत कोणत्या कारागिरानें कोणत्या रंगाची तार जोडली असेल याचा नेम नाहीं. हल्ली प्रत्येकाच्या खिशांत छायाचित्र घेणारा फोन असतो, त्याचाही उपयोग करावा, परंतु पट्ट्या बांधण्याचा आळस करूं नये, कारण छायाचित्रांत मागील तार पुढच्या तारेआड लपते. नवा स्विच जुन्याशेजारीं ठेवून टर्मिनलांची संख्या, खुणा व टप्पे जुळतात कीं नाहीं तें ताडून पाहावें. बाहेरून सारखे दिसणारे दोन स्विच आंतून निराळे असूं शकतात. विशेषतः चावी सोडतांच ती स्टार्टरच्या टप्प्यावरून आपोआप मागें येते कीं नाहीं, हें दुकानांतच तपासावें. ती मागें न येणारा स्विच घेऊं नये; इंजिन चालू झाल्यावरही स्टार्टर गुंतून राहिला तर त्याचे दांते व मोटर दोन्ही जातात.

तारेचें टोक काळवंडलें असेल तर तांबें चकचकीत लागेपर्यंत तें मागें कापावें व नवें टोक दाबून बसवावें. नुसती पीळ घालून वर चिकटपट्टी गुंडाळणें हें काम नव्हे. सर्व तारा बसल्यावर एक-एक हलकेच ओढून पाहावी, स्विच जागीं घट्ट करावा, आणि मग बॅटरी जोडावी. चावीच्या पहिल्या टप्प्यावर लाल दिवे लागले पाहिजेत, इंजिन चालू झाल्यावर चार्जिंगचा दिवा विझला पाहिजे.

पण एवढ्यानें अर्धेंच काम झालें. जादा दिवे व भोंगा पुन्हां १५ वर जोडल्यास नवा स्विचही जुन्याच्याच वाटेनें जाईल. त्यावर उपाय रिले हा आहे. पाटाच्या मुख्य दारावर एकटा मनुष्य हाताच्या जोरानें पाणी अडवीत नाहीं. तो केवळ कळ फिरवितो, व भार दार घेतें. रिलेचें तसेंच आहे. चार टर्मिनलांच्या साध्या रिलेंत ८५ व ८६ या दोहोंत चुंबकाची गुंडाळी असते. तिला पाव अँपियरहूनही कमी प्रवाह पुरतो, आणि तोच काय तो गाडीच्या खटकींतून जातो. दिव्यांचा मोठा प्रवाह बॅटरीकडून फ्यूजमधून ३० वर येतो व ८७ वरून दिव्यांस जातो. वर सांगितलेल्या चार दिव्यांस पंचवीस अँपियरचा फ्यूज योग्य. तो बॅटरीच्या होईल तितका जवळ लावावा, कारण बॅटरी व फ्यूज यांमधील तारेस कोणाचेंच संरक्षण नसतें. फ्यूज जळल्यावर त्याच्या जागीं तांब्याची तार घालणारा मनुष्य स्वतःच्या गाडीस आग लावण्याची तयारी करितो असें समजावें. सोलेनॉईडकरितांही असाच एक रिले बसवितां येतो, आणि जुन्या गाडींत तो बसवावाच असें आमचें मत आहे.

आतां ज्या एका संवयीबद्दल लिहिल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं, ती सांगतों. स्विच बिघडला कीं पुष्कळ शेतकरी ट्रॅक्टरच्या बाजूस जमिनीवर उभे राहून स्टार्टरच्या दोन टर्मिनलांवर स्क्रू-ड्रायव्हर आडवा धरतात व इंजिन चालू करितात. यांत बचत होते ती नव्या स्विचच्या किंमतीची. धोका हा कीं, गिअर न्यूट्रलमध्यें आहे कीं नाहीं याची चौकशी करणारें कोणी उरत नाहीं. क्लच दाबल्याखेरीज अगर गिअर सुटा असल्याखेरीज स्टार्टर फिरूं नये अशी योजना कित्येक ट्रॅक्टरांत स्विचच्या तारेवर केलेली असते. स्क्रू-ड्रायव्हर तिला वळसा घालून जातो. ट्रॅक्टर खालच्या गिअरमध्यें असला तर इंजिन पेटतांच तो चालूं लागतो, आणि उभा मनुष्य नेमका मागील मोठ्या चाकाच्या पुढें असतो. मागें सरण्यास त्यास वेळ मिळत नाहीं. या रीतीनें माणसें चिरडून मेलीं आहेत, आपल्या देशांत व परदेशींही. १९४६ सालीं निघालेल्या फर्ग्युसनच्या लहान करड्या ट्रॅक्टरांत स्टार्टर गिअरच्या दांड्यानेंच फिरे. गिअर सुटा केल्यावांचून दांडा त्या खांचेंत जातच नसे. त्या काळच्या यंत्रकारांस जें उमगलें होतें तें आपण एका स्क्रू-ड्रायव्हरनें पुसून टाकावें, हें बरें नव्हे. इंजिन चालू करावयाचें तें आसनावर बसूनच, आणि आपल्या गड्यासही हाच नियम घालून द्यावा. उघड्या बटणाची युक्तिही याच कारणास्तव त्याज्य होय. चावी नसलेल्या ट्रॅक्टरवर चढून घरांतील पोर तें बटण दाबूं शकतें.

स्विचसारख्या क्षुल्लक वस्तूनें किती अनर्थ होतो याचा मोठा दाखला जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीचा आहे. आपल्या तळेगांव दाभाडे येथें या कंपनीचा कारखाना २००८ सालीं सुरू झाला होता, व २०१७ सालीं तिनें या देशांतील विक्री थांबविली. तिच्या अमेरिकेंतील कांहीं मोटारींच्या चावीच्या स्विचची स्प्रिंग ठरल्याहून कमी जोराची होती. जड जुडगा लटकला किंवा गुडघ्याचा धक्का लागला कीं चावी चालत्या गाडींत आपोआप मागें सरके. इंजिन बंद पडे, व अपघातांत फुगून जीव वाचविणाऱ्या पिशव्याही निकामी होत. कंपनींतील लोकांस हा दोष कित्येक वर्षें ठाऊक होता. अखेर २०१४ सालीं सुमारें सव्वीस लाख गाड्या परत बोलावण्यांत आल्या, आणि नुकसानभरपाईच्या निधीनें १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. यावरून घरच्या गाडीपुरतें घ्यावयाचें तें असें : गाडीच्या चावीस घराच्या, पेटीच्या व पंपघराच्या चाव्यांचा जुडगा अडकवूं नये. जुन्या स्विचचें कुलूप आधींच झिजलेलें असतें, आणि शेताच्या वाटेवरील प्रत्येक दणका तो जुडगा त्यावर मोजून देतो.

तक्त्यामागून धूर येऊं लागला तर काय करावें, हेंही माहीत असावें. केवळ चावी बंद करून भागत नाहीं, कारण ३० ची तार चावी बंद असतांही विजेनें भरलेलीच असते. गाडी बाजूस घेऊन प्रथम इंजिन थांबवावें, जुन्या डिझेल गाडींत दांडा ओढून, आणि मग बॅटरीची अर्थिंगची तार सोडवावी. इंजिन चालू असतां बॅटरी सोडविल्यास अल्टरनेटर बिघडतो, म्हणून हा क्रम. त्यासाठीं योग्य मापाचा एक पाना चालकाच्या आसनाखालीं कायमचा ठेवावा.

नवा स्विच बसविल्यावर पहिल्या आठवड्यांत एकदां रात्रीं सर्व दिवे लावून अर्धा तास गाडी चालवावी, नंतर ती थांबवून तक्त्यामागें हात घालून स्विचची पाठ चांचपावी. ती हाताइतकीच असली तर काम ठीक झालें. कोमट लागली तर १५ वर अजून कोणती तरी जादा तार राहिली आहे. ती शोधून रिलेवर घ्यावी.